थंडीचं दारं

भागवत ढोमसेला त्या योजनेतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू. त्याच्या बारा गुंठे द्राक्षबागेला वाईट पहाटेला दोन अंशांची ऊब. गावातल्या चोवीस बागायतदारांकडून हंगामाला घरटी एक पेटी द्राक्षं. विहीणबाईंकडून, त्यांचे माड धरतील तेव्हा, माडामागे एक नारळ. आणि एक काठी.

ऊब चांगलीच होती, द्राक्षं गोड होती, नारळ अजून हवेत होते. पण भागवतचा जीव अडकला होता तो काठीत. बाभळीची, टोकाला लोखंडी फाळ ठोकलेली ती काठी त्याच्या आजोबांची. आजोबा पिंपळठाणचे पाटकरी होते. कादवा नदीच्या बंधाऱ्यातून पाटानं येणारं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जाईल, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. फाळानं मातीचा बांध फोडायचा, पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, त्याला आपल्याकडे दारं धरणं म्हणतात. आजोबांची गावात एकच गोष्ट सांगत, पण सगळे सांगत: दुष्काळाच्या साली म्हाताऱ्यानं स्वतःच्या शेताला पाणी शेवटी ठेवलं, आणि शेवटी पाणी उरलंच नाही. ऊस वाळला, नाव झालं. पुढं जमिनीखालून नळ्या आल्या, पाणी फोनवरून सुटायला लागलं, आणि काठी भागवतच्या पडवीत कोळ्यांना जाळी लावायला कामी आली.

काठी पुन्हा हातात आली ती थंडीमुळे.

उन्हाळे तापायचे तसे तापतच होते. पण उत्तर ध्रुवाभोवती गार हवा कोंडून ठेवणारं वाऱ्यांचं कडं ढिलं झालं होतं. हिवाळ्यात एकदा-दोनदा त्याला पोक यायचं, आणि सांडलेली थंडी थेट निफाडच्या पट्ट्यात येऊन पडायची. पूर्वी चार अंशांची बातमी व्हायची. आता शून्याचीही होत नव्हती. पहाटे घड गोठत, दुपारी उन्हानं काळे पडत.

मग सात हिवाळ्यांपूर्वी थंडी व्यवस्थापनवाल्यांची एक अभियंता मुलगी गावात आली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिनं एका काचेच्या पेटीत थंड धूर सोडून दाखवला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते. जमिनीला चिकटलेली हवा गारठते, जड होते, आणि उतारानं पाण्यासारखी खाली वाहायला लागते. सखल जागी तिचा डोह साचतो, पुरुषभर, दोन पुरुष खोल. गंमत अशी की त्या डोहाच्या वर, नारळाच्या उंचीवर, चार-पाच अंशांनी उबदार हवा नुसती तरंगत असते. थंडी मारता येत नाही, मुलगी म्हणाली. ती फक्त हलवता येते. त्यासाठी दोन वस्तू: एक उंच धुराड्यासारखा पंखा, जो जमिनीवरची गार हवा शोषून वर आभाळात फेकतो, आणि चार मीटर उंचीचे गुंडाळते पडदे, जे खाली सोडले की गार ओघ अडतो, उचलले की सुटतो. कुठला पडदा कधी, ते शेतोशेतीच्या तापमापकांवरून यंत्र सुचवतं. पण हुकूम माणसानं द्यायचा. कायदाच तसा होता, कारण ज्याच्या शेतात थंडी जाईल त्याला भांडायला समोर माणूस लागतो.

"म्हंजे मोरीच की ही, उलटी," संपतआबा गायखे म्हणाले. आबा म्हणजे गावातली सगळ्यात मोठी बाग आणि सगळ्यात मोठा आवाज. "पाणी खाली जातं, हिच्यातून थंडी वर जाणार. आन् पडदे म्हंजे दारं."

बाकीच्या गावांत हे समजवायला तिला तीन-तीन दिवस लागले होते. पिंपळठाणला अर्धा तास पुरला. पंख्यांचं नाव त्या दिवसापासून उलटी मोरी पडलं. पाच मोऱ्या बसल्या. त्यांना न झेपणारी थंडी पडद्यांच्या वाटेनं गायरानाच्या खळग्यात सोडायची ठरली. गायरानही कधी मोकळं नसलं तर? तर पाण्यासारखी पाळी.

"आन् पाटकरी कोण?" कुणीतरी विचारलं.

भागवत उठला. घसा खाकरला. म्हणाला, "आमच्या आजानं पाणी शेवटी घेतलं. मी थंडी आधी घेईन. पाळी लागलीच, तर पाटकऱ्याच्या माणसांपासनं लागंल."

टाळ्या पडल्या. काठी मिळाली. ठराव लिहिला गेला, आणि त्या वाक्याचा खर्च कोण करणार हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं वाटलंच नाही. पाण्याचा न्याय पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या माणसांना थंडीचा न्यायही आपल्याला येतो असं वाटलं तर त्यात नवल काय?

*

विहीणबाई म्हणजे तृप्ती केळुसकर. वय पंचावन्न, बांधा काटक, जीभ त्याहून काटक. वेंगुर्ल्याच्या बाजूला त्यांचं घर होतं तिथं आता खाजणाचं खारं पाणी आहे. सरकारनं उठवलेल्या सात घरांना पिंपळठाणच्या खलाटीत, म्हणजे नाल्याकाठच्या सखल पट्ट्यात, जमीन दिली. खलाटीत, कारण तिथं कुणी द्राक्ष लावत नव्हतं. कुणी का लावत नव्हतं, ते पहिल्या हिवाळ्यात कळलं. सहा घरं पुण्या-मुंबईकडं पांगली. तृप्तीबाई राहिल्या. येताना त्यांनी भांडीकुंडी कमी आणि नारळ जास्त आणले होते: अंगणातल्या बाणवली जातीच्या माडांचे एक्केचाळीस बियाणे नारळ, मोड आलेले.

गावानं तेव्हा पोटभर हसून घेतलं. निफाडात नारळ! देवळात फोडायला बरे होतील, असं आबा म्हणाले. पण बाईंनी पहिल्या चार हिवाळ्यांत प्रत्येक रोपाला स्वतःच्या जुन्या साड्या, वर गोणपाट, बुडाशी पाचट असं बाळंतिणीसारखं बांधलं. पाचव्या वर्षी मोऱ्या आल्या. अकराव्या वर्षी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माड उभे होते, आणि मोऱ्या येण्याआधीच त्यांची मुलगी स्वरा भागवतच्या तुषारशी लग्न करून वर ढोमस्यांच्या घरात आली होती. स्वरा मोऱ्यांची देखभाल करायची. सासऱ्याला यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायची, कारण चष्मा लावला की पाटकऱ्यासारखं दिसत नाही असं भागवतचं मत होतं.

डिसेंबरात तृप्तीबाईंनी व्याह्यांना मुद्दाम खाली बोलावलं. नाल्याच्या बांधावरच्या, सगळ्यात उंच माडाच्या पानांच्या बेचक्यातून एक हिरवट, भाल्याच्या टोकासारखं काही बाहेर डोकावत होतं.

"पोय," त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. "पहिली. ह्यातून फुलोरा येतलो. पुढच्या वर्साक तुमचो नारळ देतंय, पाटकरीबुवा."

"एक?"

"एकच पोय हा तर एकच नारळ. हावरटासारखे करू नकात."

भागवत हसला. मग त्यांनी त्याला माडाचं अंग समजावलं, कारण पाटकऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे असं त्यांना वाटत होतं. माडाला फांद्या नाहीत, डोळे नाहीत. वाढणारा कोंब एकच, शेंड्याच्या आत, मुठीएवढा. त्यातून एक-एक पान सुरळीसारखं वर येतं. त्या मधल्या न उलगडलेल्या पानाला बाई सुई म्हणायच्या. "आंबो तोडलो तर फुटता. तुमचो द्राक्षांचो वेल गोठलो तर बुडातसून फुटता. माडाक काळीज एकच. ता गेला की माड गेलो. आणि जाताना सांगणा नाय. पानां चाळीस दिवस हिरवीच ऱ्हवतत."

"मग कळायचं कसं?"

"सुई ओढायची. घट्ट असली तर जितो. हातात इली तर..." त्यांनी वाक्य सोडलं आणि खोडाशी उभं राहून हात वर केला. शेंडा त्यांच्या हाताच्या बराच वर होता. "थंडीचो डोह चार मीटर. कोंब आता तीनावर. आणखी दोन हिवाळे, व्याह्यांनू. मग सगळ्यांची डोकी डोहाच्या वर. मग तुमच्या मोऱ्यो नको की पडदे नको."

दोन हिवाळे. भागवतनं मनात नोंद केली. त्याला वाटलं, दोन म्हणजे काय, चुटकीसरशी जातील.

*

जानेवारीच्या एका दुपारी इशारा आला. उद्या पहाटे खलाटीत उणे चार, वारा शून्य. मोऱ्या बसल्यापासून इतकी खाली गेली नव्हती. पाच मोऱ्या मिळून निम्मी थंडी वर फेकतील, उरलेली निम्मी कुठंतरी ठेवावी लागेल, असं यंत्र म्हणालं.

गायरान होतंच. पण गायरानात त्या वर्षी ऊसतोडीची टोळी उतरली होती: तीस कोप्या, बांबूवर ताडपत्री, एकशे दहा माणसं, त्यात पाळण्यातली सात. शाळाही गायरानातच, त्याच खळग्यात, म्हणजे तिथं हलवूनही उपयोग नाही.

तीन वाजता ओट्यावर बैठक भरली. ऊन छान होतं. लोक स्वेटर काढून बसले होते, त्यामुळं उद्याच्या पहाटेवर विश्वास ठेवणं जरा जड जात होतं.

"गायरानात सोडा," आबा म्हणाले. "दर साली सोडतो."

"तिथं माणसं हायेत, आबा."

"त्यांना घोंगड्या देऊ."

"उणे सहा होईल तिथं," स्वरा म्हणाली. "ताडपत्रीखाली. तान्ही पोरं आहेत."

आबांनी घोंगड्यांचा विषय सोडला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या सोळा एकरांना घड लागले होते. भागवतनं काठी आपटली. "सोपं हाये मग. एका पहाटेचा प्रश्न. घरटी चार-पाच माणसं वाटून घ्या. अंधार पडायच्या आत आणू. गायरान मोकळं करून दारं तिकडं उघडतो."

कुणी पायाची बोटं बघितली, कुणी फोन. एकजण म्हणाला, आमच्याकडं पाहुणे हायेत. दुसऱ्याकडं आजारपण निघालं. तिसऱ्याच्या घरात सोवळं पाळणारी आई निघाली, जिला वारून दोन वर्षं झाली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. दुसऱ्याची सबब खोडली की आपली उघडी पडते.

"माझ्याकडे धा जणांका धाडा," मागून तृप्तीबाई म्हणाल्या. "पोरांवाल्या बायका आधी."

दहा. भागवतनं नजर फिरवली. चोवीस बागायतदार. आणखी एक हात वर आला असता तर दुसरा आला असता. गावाचं असंच असतं, पहिला बैल हलला की गाडी हलते. मग त्यानं मनातल्या मनात स्वतःचं घर मोजलं. चार खोल्या, एक माडी. माडीवर बेदाण्याच्या पाट्या होत्या. पाट्या हलवता आल्या असत्या. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी आबा म्हणाले:

"पाळीचा ठराव हाये ना आपला? पाटकऱ्याच्या माणसांपासनं. का तो फक्त टाळ्या घेण्यापुरता होता?"

कुणीतरी फिसकन हसलं. आणखी कुणी म्हणालं, "विहीणबाईचे माड म्हटल्यावर भागवततात्या काठी कशाला उचलतोय!"

पाण्याच्या हिशेबात ही शिवी फार मोठी. आजोबांचा अख्खा ऊस त्या शिवीपायी वाळला होता. भागवतच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि जे तोंड माडीसाठी उघडलं होतं, त्यातून भलतंच निघालं.

"ठराव म्हंजे ठराव."

तृप्तीबाई उठल्या. भांडल्या नाहीत. फक्त विचारलं, "द्राक्षांच्या खालचो पडदो सोडलास आणि थंडी द्राक्षांत तुंबली, तर काय जातला?"

"हंगाम जातो, बाई," आबा म्हणाले. "पुरा हंगाम."

"वेल?"

"वेल... वेल फुटतो परत."

"माझे अकरा हंगाम आसत थय," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. जाताजाता थांबून भागवतला म्हणाल्या, "गोणपाट असतली तितकी धाडा."

संध्याकाळपर्यंत भागवतनं गावातून दोनशे गोण्या जमवल्या. लोकांनी भराभर दिल्या. गोणी द्यायला कुणाच्याच घरी पाहुणे नव्हते. पण गोणपाट बुडाला बांधता येतं; तीन मीटरवरच्या शेंड्याला शिडी लावून, चार बायका आणि तुषार मिळून अंधार पडेस्तोवर सहा माड झाले. बाकीचे पस्तीस हात जोडल्यासारखे उभे.

*

पहाटे चारला मोरीघरात भागवत आणि स्वरा दोघंच होते. पाचही मोऱ्या घोंघावत होत्या. यंत्राच्या पडद्यावर थंडीचा निळा लोंढा टेकडीवरून सरकत खाली येत होता, अगदी पाटाच्या पाण्यासारखा, वळणं घेत. यंत्रानं तीन दारं सुचवली होती आणि प्रत्येकापुढं एक आकडा: या हंगामातलं पिकाचं नुकसान. गायरानापुढं लाल खूण, माणसं. द्राक्षांपुढं सहाशे वीस टन. नारळांपुढं शून्य.

"शून्य?" भागवतनं विचारलं.

"नारळ अजून लागलेच नाहीत ना, बाबा," स्वरा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "यंत्र या वर्षीचं पीक मोजतं. झाड मोजत नाही. बाबा, अर्धं-अर्धं करू. थोडी द्राक्षांत तुंबवू, थोडी खाली. द्राक्षं उणे दीडपर्यंत जातील, कोवळे शेंडे जळतील, पण माड उणे दोनवर राहतील. कदाचित वाचतील."

कदाचित. भागवतला तो शब्द ऐकू आला, आणि त्यामागोमाग उद्याचा ओटाही: सूनबाईनं सांगितलं, सासऱ्यानं केलं.

"तू घरी जा, स्वरा."

"बाबा..."

"तू हितं दिसलीस तर लोक म्हणतील, पोरीनं आईचे माड वाचवले. जा. मी बघतो काय ते."

तिनं यंत्राचा पडदा सासऱ्याकडं वळवला. मग गेली. भागवतनं शून्याकडं पुन्हा एकदा बघितलं. शून्य मोठं दिलासा देणारं असतं. वाटोळं, कुठं टोचत नाही. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि खलाटीचं दारं पूर्ण उघडलं.

सकाळी साडेसहापर्यंत खलाटी उणे चारच्याही खाली, उणे पावणेपाच अंशांवर जाऊन थांबली. द्राक्षं शून्याच्या अर्धा अंश खाली. भागवतची बारा गुंठे, जी वर टेकडीच्या उतारावर होती, दोन अंशांवर मजेत.

*

सकाळी आख्खं गाव खलाटीत लोटलं. आणि काय आश्चर्य, माड हिरवेगार! एक पान वाकलेलं नाही. गवत पांढरं कडकडीत, नाल्याच्या काठाला बर्फाची कातडी, आणि वर एक्केचाळीस माड झुलतायत.

"बघा! उगंच घाबरवलं बाईंनी," आबा म्हणाले. सुटका झालेल्या माणसाचं हसू त्यांच्या तोंडभर होतं. "चिवट जात हाये. कोकणी माणसासारखी." त्यांनी तिथंच भागवतच्या गळ्यात स्वतःचा मफलर घातला. आजाचा नातू शोभलास, म्हणाले.

तृप्तीबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांच्या घरातून ऊसतोडीच्या दोन बायका चहाचे पेले घेऊन बाहेर आल्या. ते दहाजण त्यांच्याकडंच झोपले होते, पाळी लागली तरी. पेला हातात घेऊन बाई म्हणाल्या, "चाळीस दिवस."

ते चाळीस दिवस भागवतनं कसे काढले, हे त्याचं त्याला ठाऊक. रोज सकाळी तो काठी घेऊन खलाटीवरून जायचा. वाट वाकडी पडायची, तरी जायचा. दहाव्या दिवशी हिरवे. विसाव्या दिवशी हिरवे. त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की भीती वाटायची. सव्विसाव्या दिवशी त्याला वाटलं, मधल्या सुयांचा रंग जरा मातकट झालाय. ऊन असेल. घरी स्वरा जेवायला वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. आकडे मात्र वाचून दाखवेनाशी झाली. भागवतनं गुपचूप चष्मा लावायला सुरुवात केली.

तेहतिसाव्या दिवशी त्यानं विचारलं, "आईला काही दिसलं का गं?"

"तुम्हीच विचारा. तुम्ही त्यांचे व्याही."

त्याच आठवड्यात द्राक्षांच्या पेट्या यायला लागल्या. घरटी एक, ठरल्याप्रमाणे. हंगाम झकास गेला होता. कुणी कुणी दोन दिल्या. पडवीत पेट्यांची थप्पी लागली, आणि गोड वासानं माश्या आल्या.

चाळिसाव्या दिवशी तृप्तीबाईंनी शिडी लावून ठेवली होती. तुषारला खाली धरायला उभं केलं होतं. भागवत आला तसा त्यांनी शिडीकडं बोट केलं.

"चढा."

"मी?"

"दारं तुम्ही उघडलास. सुई तुम्हीच ओढा. मी ओढलंय तर म्हणशाल, बाईन जोरान ओढलान."

भागवत चढला. पहिल्या माडाच्या शेंड्यात मधलं पान मुठीत धरलं. जोर लावावाच लागला नाही. चमचा दह्यातून निघावा तसं ते हातात आलं. बुडाशी तपकिरी लगदा, आणि असा कुजका, आंबूस वास की त्यानं तोंड फिरवलं. बाजूची पानं अजूनही हिरवी होती, वाऱ्यावर झुलत होती.

"एक," खालून तृप्तीबाई म्हणाल्या.

शिडी हलली. दुसरा. तिसरा. बाईंचा आवाज प्रत्येक वेळी तेवढाच, ना वर ना खाली. गोणपाट बांधलेल्या सहांपैकी दोघांनी सुई धरून ठेवली, चार निघाले. विसाव्यानंतर तो म्हणाला, "बास की, बाई." तुषारनं शिडी पुढच्या माडाला लावली, म्हणून तो चढत राहिला. बांधावरचा शेवटचा, पोयीचा माड, सगळ्यांत उंच. त्याची सुई त्यानं ओढली, पुन्हा ओढली. आली नाही. त्यानं कपाळ त्या खडबडीत देठाला टेकवलं.

"अडतीस," खालून आवाज आला. "तीन ऱ्हवले."

तो उतरला. बोलायचं काहीतरी होतंच. चाळीस दिवस त्यानं ते घोळवलं होतं. "विहीणबाई, मी कुणाचं आपलं-परकं केलं नाही. आपल्याला आधी घेतलं. आजानं केलं तसंच..."

"तुमच्या आज्यान स्वतःचो ऊस वाळवलान," तृप्तीबाई म्हणाल्या. त्या आता रागावलेल्याही नव्हत्या, आणि भागवतला तेच जास्त लागलं. "तुमची बाग वर, टेकाडार. थंडी चढणा नाय. सात वर्सांआधी तुम्ही आपल्याक आधी म्हणालास, तेवा थय तुमचा आपला काय होता? हेच होते." त्यांनी हात फिरवला. "आणि ते तुमचे नव्हते."

तुषारनं शिडी खांद्यावर घेतली.

"माडी होती तुमची," मग त्या म्हणाल्या. "स्वरा म्हणाली. बेदाणे होते ना थय? तुम्ही वीसजण घेतलास असतास, तर आबांक लाज वाटली असती. लाजेपायी त्यांनी तीस घेतले असते. मी तुमच्याच तोंडाकडे बघत होतंय."

*

होळीच्या आत तृप्तीबाईंनी मेलेल्या माडांची सगळी झावळं उतरवली. माडाचं काही वाया घालवायचं नसतं, हा त्यांचा जुना शिरस्ता. पानं सोलून मधले हीर काढले, सुकवले, सुंभानं आवळून खराटे बांधले. पाटकऱ्याची माणसं म्हणून त्यांच्या नावावर पाळी लागली होती. तर ज्यांच्यासाठी लागली त्यांच्याकडं पाळीचं काहीतरी पोचायला हवं, असं त्या म्हणाल्या. स्वरा घरोघर वाटून आली. लोक खूश झाले. काय चिवट खराटा आहे, आबांच्या घरातून निरोप आला, आणखी चार मिळतील का?

तेव्हा शेवटची बेरीज अशी. चोवीस बागायतदारांनी दिलं: सव्वीस पेट्या द्राक्षं आणि दोनशे गोण्या, गोण्या नंतर मोजून परत नेल्या. ऊसतोडीच्या टोळीनं काही दिलं नाही. हंगाम संपल्यावर ती लोकं कोप्या उतरवून गेली, आणि त्या पहाटे आपल्यावरचं काय टळलं हे त्यांतल्या दहाजणांखेरीज कुणाला कळलंही नाही. यंत्रानं त्या पहाटेचं नुकसान शून्य लिहिलं होतं, ते अजून शून्यच आहे. तृप्ती केळुसकरांनी दिलं: अडतीस माड, अकरा वर्षं, आणि एका रात्रीसाठी घरातल्या सगळ्या चटया.

आणि भागवत ढोमसे? मार्चच्या ग्रामसभेत त्याला शाल दिली, पाटकरी म्हणून पुन्हा एकमतानं नेमलं. घरी आला तर पडवीत, काठीशेजारी, पंचविसावा खराटा उभा होता. स्वरानं ठेवला होता. खाली खलाटीत जाऊन त्यानं विचारलं, माझ्याकडं कशाला, विहीणबाई? तृप्तीबाई त्या तीन माडांना पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घेवा, पाटकरी," त्या म्हणाल्या.

व्याही हा शब्द त्यांनी त्यानंतर कधी वापरला नाही. भागवतच्या नावावर खर्च पडला तो एवढाच, आणि तो अजून फिटलेला नाही.